चार मोजेपर्यंत

१

रविवारी सकाळी साडेआठला धाकटी मागच्या दाराने चर्चमध्ये शिरायची, वेदीजवळ माईक उभा करायची, त्याची वायर बाकांच्या कडेकडेने ओढत शेवटच्या बाकापर्यंत आणायची आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. उपासना रेकॉर्ड करायची, दुपारी घरी बसून साफसूफ करायची आणि चार वाजायच्या आत गावातल्या अकरा अंथरुणांवर पाठवून द्यायची. अकरा माणसांना चर्चपर्यंत चालवत नव्हतं. बारावी तिची आई.

हे काम मंडळीच्या पंचांनी तिला दिलं होतं, आणि दिलं होतं ते रस्त्यात पडलेल्याला उचलून घेतल्याच्या थाटात. वर्षापूर्वी तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला कोरा पेपर ठेवून ती हॉलमधून उठली आणि बॅग भरून थेट घरी आली. त्यानंतर चार महिन्यांनी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. गावातल्या म्हाताऱ्यांनी दोन्हीची गाठ मारून टाकली. "पोरीच्या काळजीनं बाईची जीभ गेली हो." हे वाक्य तिने दुकानात ऐकलं, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकलं, आणि एकदा भर प्रार्थनेत 'लेकरांनी दुखावलेल्या मातांसाठी' अशी विनंती आली तेव्हा पुढच्या तीन बाकांवरच्या माना एकदम मागे वळल्या. देवाच्या घरात बसूनसुद्धा यांची चघळायची सवय सुटत नव्हती.

चर्च लहान होतं. दगडी, तीनशे वर्षांचं, डावीकडे बारा बाकं, उजवीकडे बारा. भिंतींना ओल, छतात चिमण्या. पाळक पाच गावांत मिळून एक, ते महिन्यातून एकदा उगवायचे. बाकीचे रविवार मास्तर चालवायचे. मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर. निम्म्या गावाला त्यांनी छडी मारून पाढे शिकवले होते आणि ती छडी अजून हातात असल्यासारखेच बोलायचे.

या चर्चची एक खोड होती. विनंत्यांच्या प्रार्थनेत मास्तर वाचायचे, "आजाऱ्यांसाठी, एकट्यांसाठी..." आणि थांबायचे. चार मोजेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग सगळ्यांनी मिळून, "प्रभो, आमची विनंती ऐक." दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये असं नव्हतं, तिथे लोक लगेच उत्तर देऊन मोकळे होतात. इथे मोजायचं, तेही पुढच्या बाकाच्या पाठीवर एकेक बोट दाबून. पिढ्यान्‌पिढ्या दाबून दाबून प्रत्येक जागेपुढे लाकडात चार खळगे पडले होते, वाटाण्याएवढे. लहानपणी एकदा धाकटी तिसऱ्यालाच बोलून गेली होती. आईने तिच्या तोंडावर असा हात दाबला की दात लागून ओठ फुटला.

"पण थांबायचं कशाला?" घरी जाताना तिने विचारलं होतं.

"असंच आहे," आई म्हणाली होती.

असंच आहे. या गावातल्या प्रत्येक थडग्यावर हेच दोन शब्द कोरले असते तरी चाललं असतं.

२

त्या रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पलीकडच्या खोलीत आई पडली होती, मधलं दार उघडं होतं.

पडद्यावर आवाज दिसतो. गाणं जाड दिसतं, केसाळ सुरवंटासारखं. बोलणं बारीक सुरवंट. शांततासुद्धा कधी सपाट नसते. रिकाम्या खोलीला गुणगुण असते, पंखा असतो, लांबचा रस्ता असतो, सुरवंटाला लव राहतेच. आजवर तिने रेकॉर्डिंगची फक्त दोन टोकं कापली होती, मध्ये काय आहे ते बघण्याइतकी तिला गोडी नव्हती. आज एका खोकल्याचा फटका काढायला तिने प्रार्थनेचा भाग मोठा करून पाहिला आणि तिचा हात थांबला.

मास्तरांचा आवाज, मग तार. सरळ, सपाट, ताणून बांधल्यासारखी. मग मंडळीचं उत्तर.

सव्वीस विनंत्या, सव्वीस तारा. तिने हेडफोन लावले. पंखा नाही, चिमण्या नाहीत, पहिल्या बाकावरच्या किल्लीवाल्या मावशीचा दमा, जो गाण्यातूनही ऐकू यायचा, तोही नाही. चार सेकंद काहीच नाही, आणि मग सगळं एकदम परत.

कोणीतरी माईक बंद करतंय, हा तिचा पहिला विचार. या गावात पहिला विचार तोच येणं शहाणपणाचं होतं.

ती तशीच चर्चमध्ये गेली. मावशी झाडत होती. तीस वर्षं चर्चच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या.

"मावशी, प्रार्थनेत माईक कोण बंद करतं?"

"मला बाई त्यातलं कळत नाही. मी झाडते."

"मास्तर करतात?"

"मास्तरांचे दोन्ही हात पुस्तकावर. डोळे आहेत ना तुला?"

"मग दर वेळेला चार सेकंद आवाज जातो कुठे?"

झाडू थांबला. "आवाज जातो असं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंय."

"दिसतंय?" मावशी बोळकं उघडून हसली, पण डोळे हसले नाहीत. "आमच्या वेळेला बरं होतं बाई. बघायची सोयच नव्हती." आणि धुळीचा ढीग होता तिथेच सोडून ती किल्ल्या वाजवत बाहेर निघून गेली. तीस वर्षांत तिने अर्धवट झाडलेलं चर्च कुणी पाहिलं नव्हतं.

धाकटीचं डोकं सणकलं. सगळे सामील होते. काहीतरी होतं, आणि अख्खं गाव तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं. घरी येऊन तिने एकेक तार निवडली आणि कापली. सव्वीसच्या सव्वीस. आता मास्तरांचं वाक्य संपताक्षणी मंडळी उत्तर देत होती, जिवंत माणसं देतात तसं. ऐकायलाही बरं वाटलं. तीनशे वर्षांचं 'असंच आहे' तिने दहा मिनिटांत उडवलं होतं. बारा ठिकाणी फाईल पाठवून तिने चहा टाकला.

३

दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी एक व्यायाम दिला होता. रोज, अर्धा तास. अर्धं वाक्य द्यायचं आणि थांबायचं. "घाई करू नका. त्यांना जागा द्या, शब्द आपणहून येईल." आठ महिने धाकटी जागा देत होती आणि आई त्या जागेत "हं" एवढंच ठेवत होती.

सोमवारी मोठ्या बहिणीचा फोन आला. मोठी शहरात राहायची, दर महिन्याला येऊन दोन दिवस सूचना करून जायची.

"आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत जागा मिळाली आईला. रविवारी गाडी घेऊन येते."

"तिला इथेच राहायचंय."

"तुला कसं कळलं? ती बोलली?"

"मला कळतं."

"तुला तुझं कळलं नाही अजून." मोठीने उसासा टाकला. "हे बघ, ती स्वतःच्या तोंडाने म्हणू दे, मला इथेच राहायचंय. मी एक शब्द काढणार नाही, आल्या पावली परत जाईन. पण ती म्हणू दे. तू नाही."

सहा दिवस. धाकटीने व्यायाम अर्ध्या तासाचा दोन तासांवर नेला. रोज दुपारी आई तेच रेकॉर्डिंग ऐकायची, सवयीने डाव्या हाताची बोटं दाबू लागायची, पण पहिलं बोट टेकायच्या आत मंडळी बोलून गेलेली असायची. आईचा चेहरा गोंधळायचा. तिसऱ्या दिवसापासून तिने बोटं दाबणं सोडलं. धाकटीला ते बरंच वाटलं.

बुधवारी ती कपाटासमोर उभी राहून कपड्यांच्या घड्या करत होती, आईकडे पाठ होती.

"कपाटात कपडे आणि कपाटावर..."

"बॅग."

स्वच्छ. आईचा आवाज, आठ महिन्यांपूर्वीचा, जरा किनरा, जसाच्या तसा.

धाकटी हातातल्या घडीत तोंड खुपसून रडली. मग डोळे पुसून, "चहात साखर आणि..."

"दूध."

"सकाळ, दुपार..."

"संध्याकाळ."

तिसऱ्या वेळेला तिच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातला फ्रीज थांबतो आहे. जुना फ्रीज तो, म्हातारा घोरल्यासारखा दिवसभर चालू असायचा. ती थांबली की तो थांबत होता, शब्द आला की पुन्हा घोरायला लागत होता. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल, तिने ठरवलं. वरचा पंखा मात्र फिरत होता. विजेचा दाब एकाच खोलीपुरता कमी होतो का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि उत्तर न देता बाजूला ठेवला.

"आई, तुला काय हवंय?" तिने सरळ विचारलं.

"हं," आई म्हणाली. आईचे डोळे पाण्याने भरले होते. आनंदानेच असणार.

ती पुन्हा घड्यांकडे वळली. "मी तुझी..."

"धाकटी."

बरोबर होतं. सगळं गाव तिला धाकटीच म्हणायचं. फक्त आई कधी म्हणाली नव्हती. आईसाठी ती जन्मापासून 'पिल्लू' होती, रागावली तरी पिल्लूच. पण मेंदूला मार बसला की शब्दांची अदलाबदल होते, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिने तो कागद शोधून पुन्हा वाचला. तसं लिहिलेलं होतं. दोनदा वाचूनही तिला हवं तेवढं समाधान झालं नाही.

४

शुक्रवारी दुपारी मास्तर आले. आयुष्यात पहिल्यांदा, न बोलावता. खुर्ची दिली तरी उभे राहिले.

"रेकॉर्डिंग कापलंस?"

"साफ केलं."

"थांबे काढलेस."

"रिकामे होते मास्तर. काही नव्हतं तिथे."

"रिकामे नव्हते," मास्तर म्हणाले. "आम्ही ते रिकामे ठेवत होतो."

"कुणासाठी?"

मास्तर आपल्या बोटांकडे बघत राहिले. चारही बोटांची टोकं चपटी झाली होती. "माझ्या वडिलांनी मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"बास? सत्तर वर्षं बोटं दाबत बसलात आणि विचारलं नाहीत?" धाकटीचा आवाज चढला. "एका कोऱ्या पेपरासाठी मला नालायक ठरवता. तुम्ही तर जन्मभर कोरेच पेपर देत आलात सगळे. वर आम्हालाच छडी!"

"बरोबर आहे तुझं," मास्तर म्हणाले.

त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"शिंप्याकडे जाऊन आलो," ते म्हणाले. शिंपी पाच वर्षं अंथरुणावर होता, त्याला माणसं ओळखू येत नव्हती. "सून फार खूश आहे. ती वाक्य अर्धं सोडते, तो पुरं करतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो."

"मग?"

"मग काय. माझा चष्मा बदलायला झालाय." त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा घातला. "पुढच्या रेकॉर्डिंगला थांबे तसेच राहू देत. आणि आईला अर्धं वाक्य देऊ नकोस."

"का?"

मास्तरांचं तोंड उघडलं. 'असंच आहे' जिभेपर्यंत आलेलं तिला दिसलं. ते गिळून मास्तर निघून गेले.

ती दारात उभी राहून विचार करत राहिली. आई बोलली तर यांचं काय जाणार होतं? खूप काही. पोरीपायी वाचा गेली म्हणून आठ महिने जिभा चालवल्या, ती वाचा पोरीनेच परत आणली तर तोंडं कुठे लपवणार? चष्मा म्हणे. तिला त्या बोलण्यात कावा दिसला, आणि कावा दिसल्याबरोबर जीव थंडावला, कारण माणसांचा कावा तिला चांगला समजायचा.

ती आत आली. आईने ओठ घट्ट मिटून घेतले होते, इतके की पांढरे पडले होते. डावा हात पलंगाच्या कडेवर होता आणि बोटं एकेक करून दाबत होती.

"थकलीस का? बरं, एकच." धाकटी टेबलावरच्या औषधांकडे वळली. "आज शुक्रवार, उद्या..."

"शनिवार," मागून आवाज आला.

गोळ्या मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की बुधवारपासून अर्धं वाक्य देताना आपण एकदाही आईकडे बघितलेलं नाही. कधी घड्या, कधी चहा, कधी गोळ्या. आणि आताही तिने मान वळवली नाही.

५

रविवारी चर्च नेहमीसारखं भरलं. धाकटीने माईक लावला, वायर ओढली, हेडफोन चढवले. गाणं झालं, वाचन झालं. मास्तरांनी पुस्तक उघडलं.

"आजाऱ्यांसाठी, एकट्यांसाठी..."

मास्तर थांबले. चाळीस माणसांनी पहिलं बोट दाबलं.

वर चिमणी चिवचिवली.

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. तार नव्हती. बारीक लव असलेला सुरवंट सरकत होता. मावशीचा दमा घुरघुरला. कोणाच्या तरी पोटात गुडगुडलं. बाहेरच्या रस्त्यावरून सायकल घंटी वाजवत गेली. अगदी साधे आवाज, कुठल्याही चर्चमध्ये कुठल्याही रविवारी असतात ते.

माना वर झाल्या. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. नव्वदीची सुईण, जिने या बाकांवरच्या निम्म्या लोकांना जगात आणलं होतं, ती छताकडे बघत होती, आणि तिचं बोट तिसऱ्या खळग्यातच राहिलं होतं. या वेळात चिमणी असते, हे तिला नव्वद वर्षांत कळलं नव्हतं.

चार झाले, पाच झाले. उत्तर कुणी दिलं नाही.

मास्तरांनी दुसरी विनंती वाचली. आवाज फाटला होता. "प्रवासात असलेल्यांसाठी..."

पुन्हा चिमणी. पुन्हा मावशीचा दमा.

मग पुढची बाकं मागे वळली. धाकटीने दात आवळले, शिव्या खायची तयारी केली. पण त्या चेहऱ्यांवर राग नव्हता. बाहेरून घरी आल्यावर आपलं दार सताड उघडं दिसावं, तसे ते चेहरे होते.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. सव्वीसातल्या दोनच झाल्या होत्या.

"घरी जा," ते म्हणाले. "ज्यांच्या घरी कुणी पडून आहे त्यांनी आधी जा."

शिंप्याची सून उठून पळाली. तिला पळताना पाहिलं आणि धाकटीने लॅपटॉप बाकावर टाकला. हेडफोन गळ्यातच राहिले होते, वायर तुटली तरी तिला कळलं नाही.

६

दारात मोठीची गाडी उभी होती.

आईच्या खोलीत मोठी कपाट उघडून हँगरवरचे कपडे काढत होती. पलंगाकडे पाठ होती. खाली बॅग उघडी पडली होती.

"कुठे होतीस? आई घरात एकटी!" तिने वळूनही पाहिलं नाही. "ती दुपारची गोळी दे आधी. गाडीत द्यायला नको."

आई उशीला टेकून बसली होती. शांत होती. धाकटीला धापेतही हसू आलं, कारण सगळं जागच्या जागी होतं. पंखा फिरत होता, फ्रीज घोरत होता. गाव वेडं होतं आणि क्षणभर तीही वेडी झाली होती, एवढंच. तिने गोळी आईच्या जिभेवर ठेवली, पेला ओठांना लावला. झटक्यानंतर आईला गिळायला वेळ लागायचा. पाणी तोंडात धरायचं, हनुवटी खाली घ्यायची, मग सावकाश. आईने पाणी तोंडात घेतलं. गाल फुगले.

"तिथे बाग आहे आई," मोठी कपाटात तोंड घालून बोलत होती. आवाज भिजला होता. मोठी रडत होती आणि ते दिसू नये म्हणून वळत नव्हती. "मला काय हौस आहे का गं? तू एकदा सांगितलं असतंस तर. एकदाच. मला म्हणायचं होतंस, की मला..."

आणि मोठी थांबली. तिला काही माहीत नव्हतं. हुंदका आवरायला थांबली होती.

फ्रीज बंद झाला.

धाकटीला वेळ होता. काहीही बोलली असती तरी चाललं असतं. पाणी दे, खिडकी लाव, काहीही. जागा भरून गेली असती. मोठीने आईला गाडीत घातलं असतं, आणि संध्याकाळी ती या घरात एकटी राहिली असती. तिने तोंड उघडलं. हँगर एकमेकांवर आपटताना दिसले, वाजले नाहीत. तिने तोंड मिटलं.

"मला इथेच राहायचंय."

आईचा आवाज. जरा किनरा. खोलीच्या याच बाजूने.

आईचे ओठ मिटलेले होते. गाल पाण्याने फुगलेले होते. ओठाच्या कोपऱ्यातून एक थेंब हनुवटीवर उतरला होता. आणि आई धाकटीकडे बघत होती, पापणी न लववता, लहान मूल अंधाऱ्या जिन्याकडे बघतं तसं. मग तिने मान हलवली. अगदी थोडी. नाही.

मोठीच्या हातातून कपडे गळून पडले. ती वळली, धावत आली, पलंगापाशी गुडघे टेकून तिने आईच्या मांडीत डोकं घातलं. "आई! आई गं!" मग वर बघून, लाल डोळ्यांनी, धाकटीला विचारलं, "बोलली ना? तू समोर होतीस. आईच बोलली ना?"

आईची मान अजून हलत होती.

धाकटीने आयुष्यभर ज्यांना शिव्या घातल्या होत्या ती सगळी माणसं तिला एका क्षणात नीट समजली.

"हो," ती म्हणाली. "आईच बोलली."

मोठीने डोळे पुसले, हसली, उठली. बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात लावू लागली. हँगर दांडीवर सरकत होते. मोठीचे ओठ हलत होते, बहुधा ती काहीतरी गमतीचं सांगत होती, मध्येच मान मागे टाकून हसत होती. ऐकू काहीच येत नव्हतं.

आणि आईने, इतक्या वेळाने, तोंडातलं पाणी गिळलं.